नाक दाबलं की तोंड उघडतं का? देशांचा पैसा आणि जागतिक आरोग्य संघटनेचं दार

एप्रिल १९८९ मध्ये पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे नेते यासर अराफत यांनी जागतिक आरोग्य संघटनेकडे अर्ज केला. पॅलेस्टाईनला पूर्ण सदस्य करून घ्यावं, एवढीच मागणी होती. मे महिन्यात जिनिव्हाला सगळ्या सदस्य देशांची वार्षिक सभा भरणार होती आणि तिथे हा अर्ज मताला जाणार होता. त्याआधीच, १ मे रोजी, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांनी एक निवेदन काढलं. पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला तेव्हा फक्त निरीक्षकाचा दर्जा होता. त्या दर्जात जी आंतरराष्ट्रीय संस्था बदल करील तिला अमेरिकेने यापुढे काहीही देऊ नये, अशी शिफारस आपण राष्ट्राध्यक्षांकडे करणार आहोत, असं त्यात म्हटलं होतं. काहीही म्हणजे ठरलेली वर्गणीही नाही आणि आपखुशीने दिली जाणारी मदतही नाही.

त्या काळात संघटनेच्या वर्गणीतला चौथा हिस्सा एकटी अमेरिका भरत होती. महासंचालक हिरोशी नाकाजिमा यांच्यासमोर लसीकरण, मलेरिया, पोलिओ ही सगळी कामं उभी होती आणि तिजोरीचा चौथा कोपरा रिकामा व्हायची वेळ आली होती. हा अर्ज सभेपुढे रेटला जाऊ नये म्हणून त्यांनी पॅलेस्टिनी नेतृत्वाशी बोलणी केली. १२ मे रोजी सभेने निर्णय पुढे ढकलला. अर्ज फेटाळला नाही, मंजूरही केला नाही. पॅलेस्टाईन आजही जागतिक आरोग्य संघटनेचा पूर्ण सदस्य नाही.

एखादा देश आपल्या पैशाच्या बळावर दुसऱ्या कुणाला आरोग्य संघटनेत येऊ देतो किंवा अडवतो, ते नेमकं कसं, हे समजून घ्यायला ही घटना चांगली आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पैशाच्या जोरावर हे दार बंद ठेवता येतं, पण उघडता येत नाही. आणि बंद ठेवण्याची ताकदसुद्धा धमकी प्रत्यक्षात आणली की संपते.

आरोग्य संघटनेच्या दारातच भांडण का

पहिला प्रश्न कुणालाही पडेल. देश म्हणून मान्यता मिळवायची तर संयुक्त राष्ट्रांकडे जावं, डॉक्टरांच्या संघटनेकडे कशाला?

याचं उत्तर नियमांत आहे. संयुक्त राष्ट्रांचं सदस्य व्हायचं तर सुरक्षा परिषदेची शिफारस लागते आणि तिथे पाच बड्या देशांकडे नकाराधिकार आहे. पाचांपैकी एकाने हात वर केला की विषय संपला. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४६ मध्ये न्यूयॉर्कला तयार झाली आणि ७ एप्रिल १९४८ पासून लागू झाली. तिचं तिसरं कलम सांगतं की सदस्यत्व सर्व राष्ट्रांना खुलं आहे. जो देश संयुक्त राष्ट्रांचा सदस्य आहे त्याने ही घटना स्वीकारली की तो आपोआप आत येतो. जो नाही, त्याने अर्ज करायचा आणि सभेत साध्या बहुमताने तो मंजूर व्हायचा. नकाराधिकार कुणालाच नाही. बेटाएवढ्या देशाचंही एक मत आणि अमेरिकेचंही एकच.

म्हणूनच ज्यांना पुढच्या दाराने येता येत नाही ते या दाराशी येतात, आणि इथे मिळालेल्या खुर्चीला आरोग्यापलीकडची किंमत असते. बांगलादेशचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. मे १९७२ मध्ये तो जागतिक आरोग्य संघटनेचा सदस्य झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांतल्या त्याच्या प्रवेशाला चीनने नकाराधिकार वापरून अडवलं आणि तिथलं सदस्यत्व मिळायला सप्टेंबर १९७४ उजाडलं. मधली दोन वर्षं, एका युद्धातून उठलेल्या आणि देवीच्या साथीने पोळलेल्या त्या देशाला आरोग्य संघटनेत मात्र स्वतःची जागा होती. उत्तर कोरिया मे १९७३ मध्ये या संघटनेत आला आणि त्या बळावर त्याला संयुक्त राष्ट्रांत निरीक्षक पथक ठेवता आलं.

सगळ्यांत बोलकं उदाहरण प्रशांत महासागरातल्या कुक बेटांचं आहे. न्यूझीलंडशी सहबंधनात असलेली, म्हणजे कारभार स्वतःचा पण न्यूझीलंडशी जोडलेली, ही बेटं आजही संयुक्त राष्ट्रांची सदस्य नाहीत. १९८४ मध्ये जागतिक आरोग्य सभेने त्यांना सदस्य करून घेतलं. पुढे आंतरराष्ट्रीय करारांवर सही करायला ही बेटं 'राष्ट्र' म्हणून पात्र आहेत का, असा प्रश्न आला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाने हेच दाखवलं की जगभरच्या देशांच्या आरोग्य सभेने हा प्रश्न आधीच होकारार्थी सोडवला आहे. म्हणजे राष्ट्र कुणाला म्हणायचं याचा दाखला एका परीने आरोग्याच्या सभागृहातून मिळाला. दारावर एवढी झोंबाझोंबी का होते ते यावरून कळावं.

याची उलट बाजू पूर्व जर्मनीच्या वाट्याला आली. १९७२ मध्ये स्टॉकहोमला पर्यावरणावरची पहिली मोठी जागतिक परिषद भरली. निमंत्रण फक्त संयुक्त राष्ट्रांच्या किंवा तिच्या विशेष संस्थांच्या (आरोग्य संघटना ही त्यांतलीच एक) सदस्यांना होतं. पूर्व जर्मनी तेव्हा कुठेच सदस्य नव्हता, त्यामुळे त्याला बोलावणं गेलं नाही आणि सोव्हिएत गटाने परिषदेवर बहिष्कार टाकला. पश्चिम जर्मनी कित्येक वर्षं हे दार लावून धरून होता. पूर्व जर्मनीला मान्यता देणं हे आपल्याशी शत्रुत्व समजलं जाईल, असं त्याचं अधिकृत धोरण होतं. १९६५ मध्ये पूर्व जर्मनीच्या नेत्याचं कैरोत स्वागत झालं तेव्हा पश्चिम जर्मनीने इजिप्तची आर्थिक मदत थांबवली होती. पण १९७२ च्या अखेरीस दोन्ही जर्मनींनी आपसात करार केला आणि पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, पूर्व जर्मनी आरोग्य संघटनेत आला. ज्याने अडवलं होतं त्यानेच हात काढला, म्हणून.

पैसा येतो दोन खिशांतून

आता पैशाकडे. संघटनेच्या तिजोरीत दोन वाटांनी पैसा येतो आणि हा फरक लक्षात न घेता केलेल्या सगळ्या चर्चा घसरतात.

पहिली वाट नेमून दिलेल्या वर्गणीची. देशाचं उत्पन्न, लोकसंख्या वगैरे पाहून प्रत्येकाचा टक्का ठरतो. वरची मर्यादा २२ टक्के आणि ती अमेरिकेला लागू होत असे; खालची मर्यादा ०.००१ टक्के. म्हणजे सगळ्यांत लहान देश वर्षाला काही हजार डॉलर भरतो. ही वर्गणी दान नाही. हाउसिंग सोसायटीत राहणाऱ्याला देखभाल खर्च द्यावाच लागतो, मग शेजाऱ्याशी पटो न पटो, तसंच. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या खर्चाबाबत दिलेल्या मतातही हेच तत्त्व दिसतं. सभेने रीतसर वाटून दिलेला खर्च सदस्यांवर बंधनकारक असतो, स्वतःचं मत विरोधात गेलं असलं तरी.

दुसरी वाट ऐच्छिक निधीची. हा पैसा देश देतात, गेट्स फाउंडेशनसारख्या संस्था देतात, आणि बहुतेक वेळा तो अमुक आजारासाठी, अमुक प्रदेशासाठी असा कामाला बांधलेला असतो.

सुरुवातीला वर्गणीचा वाटा मोठा होता. १९८० च्या सुमारास बड्या देशांनी ठरवलं की महागाई वगळता वर्गणी वाढवायची नाही, आणि १९९३ पासून तर महागाईसुद्धा धरायची नाही. वर्गणी गोठली, कामं वाढत गेली, आणि फरक ऐच्छिक निधीने भरून निघू लागला. होता होता एकूण खर्चातला वर्गणीचा हिस्सा पाचव्या भागाच्याही खाली आला. सदस्यांचं मत समान राहिलं, पण पगार कुणाच्या जिवावर निघतो हे मात्र असमान झालं. मला हे सगळ्यात जास्त खटकतं. सभागृहात एक देश एक मत, आणि सभागृहाबाहेर ज्याची पिशवी जड त्याचा शब्द जड.

काही देशांना ही विसंगती उलट बाजूने खुपत होती. १९८५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने एक दुरुस्ती मंजूर केली. सिनेटर नॅन्सी कॅसेबाम यांच्या नावाने ती ओळखली जाते. संयुक्त राष्ट्रं आणि तिच्या विशेष संस्थांनी अर्थसंकल्पावरची मतं वर्गणीच्या प्रमाणात द्यावीत, नाहीतर अमेरिका आपली वर्गणी २५ वरून २० टक्क्यांवर आणेल, अशी तिची अट होती. पैशाप्रमाणे मत ही कल्पना अगदीच वेडगळ आहे असं नाही. जागतिक बँकेत तसंच चालतं. ग्लोबल फंड ही एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठी निधी देणारी संस्था. तिच्या मंडळात मताच्या २० जागांपैकी १० देणाऱ्यांच्या बाजूच्या आणि १० घेणाऱ्यांच्या बाजूच्या असतात. तिथे खुर्ची आणि पैसा यांचं नातं उघडपणे, आधीच ठरवून बांधलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटना मात्र वेगळ्या वचनावर उभी आहे: सगळे देश आत, सगळ्यांचं मत सारखं.

वर्गणी थकवली तर शिक्षाही आहे. घटनेच्या सातव्या कलमानुसार थकबाकीदाराचा मतदानाचा हक्क काढून घेता येतो. त्याच कलमात 'अपवादात्मक परिस्थिती' असेही शब्द आहेत आणि त्यांचा आधार घेऊन १९६४ मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा मताधिकार स्थगित झाला होता. तो परत मिळायला १९९४ यावं लागलं. थकबाकीपायी मत गमावणारे बहुधा युद्धाने किंवा दारिद्र्याने खिळखिळे झालेले देश असतात. त्यांना खरोखर परवडत नाही. आणि ज्याला परवडतं तो थकबाकीची नुसती धमकी देऊन अर्जाचं मतदान थांबवू शकतो.

धमकीचा कायदा झाला

१९८९ ची बेकर यांची धमकी म्हणजे नुसतं निवेदन होतं. उद्या परिस्थिती बदलली तर ती मागे घेता आली असती. काँग्रेसने तिचा कायदा केला. १९९० च्या कायद्याने पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला सदस्य देशांच्या बरोबरीचा दर्जा देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या कोणत्याही विशेष संस्थेला पैसे देण्यावर बंदी घातली. १९९४ च्या कायद्याने ती आणखी रुंद केली: राष्ट्र म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यतेची लक्षणं नसलेल्या कोणत्याही गटाला पूर्ण सदस्यत्व दिलं तर पैसे बंद.

अमेरिकेत सरकारी तिजोरीच्या नाड्या काँग्रेसच्या हातात असतात. काँग्रेस दोन प्रकारे त्या आवळते. एक, दर वर्षीच्या खर्चाच्या विधेयकात अट घालून: अमुक संस्थेला दिलेल्या रकमेपैकी इतकी रक्कम परराष्ट्रमंत्र्याने अमुक गोष्ट लिहून दिल्यावरच सुटेल. अशी अट पुढच्या वर्षी बदलता येते आणि बहुतेक वेळा 'देशहिताची गरज असल्यास राष्ट्राध्यक्ष सूट देऊ शकतात' अशी पळवाटही ठेवलेली असते. दोन, कायमच्या कायद्याने. पॅलेस्टाईनबाबतचे दोन्ही कायदे दुसऱ्या प्रकारचे आणि त्यांत राष्ट्राध्यक्षांना सूट द्यायची मुभा ठेवलेली नव्हती. एकदा घटना घडली की नळ आपोआप बंद.

वरवर पाहता ही धमकी जास्त जबर वाटते, कारण तिच्यात माघारीला जागाच नाही. पण वाटाघाटी करणाऱ्याचे हात त्यातच बांधले जातात. सौदा करायला, अर्धं पाऊल मागे यायला, 'तुम्ही एवढं करा, आम्ही एवढं देऊ' म्हणायला काही उरत नाही.

ही कसोटी प्रत्यक्ष लागली ती आरोग्य संघटनेत नाही, युनेस्कोत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शिक्षण, विज्ञान आणि संस्कृतीच्या संस्थेत. ३१ ऑक्टोबर २०११ रोजी युनेस्कोच्या सभेने पॅलेस्टाईनला सदस्य करून घेतलं. बाजूने १०७ मतं, विरोधात १४, तटस्थ ५२. कायदा लागू झाला आणि अमेरिकेची २२ टक्के वर्गणी, वर्षाला सुमारे ८ कोटी डॉलर, त्याच क्षणी थांबली. युनेस्कोला खर्चाला मोठी कात्री लावावी लागली. पण पॅलेस्टाईन सदस्य राहिला. थकबाकीमुळे २०१३ मध्ये अमेरिकेनेच आपलं मत गमावलं. २०१८ च्या अखेरीस ती बाहेर पडली. नंतर काँग्रेसला युनेस्कोपुरती सूट देणारी तरतूद करावी लागली आणि जुलै २०२३ मध्ये अमेरिका परत आली, थकबाकी फेडण्याचं आश्वासन देऊन. मधल्या काळात तिच्या रिकाम्या खुर्चीचा फायदा चीनला झाला, असं परत येताना अमेरिकन सरकारनेच सांगितलं. जुलै २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याची घोषणा झाली. नाक दाबलं होतं खरं, पण गुदमरला दाबणारा.

युनेस्कोच्या त्या अनुभवाचा एक परिणाम मात्र आरोग्य संघटनेवर झाला. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये पॅलेस्टाईनने इतर संस्थांकडेही जायचं बोलून दाखवलं होतं. तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून यांनी उघड इशारा दिला की निधी आटला तर त्याची झळ लाखो लोकांना लागेल. पॅलेस्टाईन थांबला. म्हणजे जिथे धमकी अजून वापरली नव्हती तिथे तिचा दरारा शाबूत होता. जिथे वापरली तिथे उरला नाही.

दार उघडायला पैसा का पुरत नाही

आता तैवानकडे पाहू, कारण तिथे गोष्ट उलटी आहे. तिथे अमेरिकेला कुणाला तरी आत आणायचं आहे.

१९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जागतिक आरोग्य संघटनेची कल्पना मांडणाऱ्यांत चीनचे प्रतिनिधी डॉ. झे झेमिंग आणि ब्राझीलचे डॉ. जेराल्डो दि पॉला सौझा होते. तो चीन म्हणजे तेव्हाचं प्रजासत्ताक चीन, ज्याचं सरकार पुढे तैवानला गेलं. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत चीनची खुर्ची बीजिंगला मिळाली, १९७२ मध्ये आरोग्य सभेने तेच केलं आणि तैवान बाहेर गेला. १९९७ पासून तो निदान निरीक्षक म्हणून तरी बसू द्या, असं म्हणतो आहे. २००४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदाच केला की परराष्ट्रमंत्र्यांनी तैवानला निरीक्षकाची जागा मिळवून देण्यासाठी आराखडा आखावा. अमेरिका संघटनेची सगळ्यांत मोठी वर्गणीदार होती. तरी तैवानला जागा मिळाली ती २००९ मध्ये, तैपेईत मा यिंग-जिऊ यांचं सरकार आलं आणि बीजिंगशी त्याचे संबंध सुधारले तेव्हा. नाव लावावं लागलं 'चायनीज तैपेई'. २०१६ मध्ये त्साई इंग-वेन निवडून आल्या, संबंध बिघडले आणि २०१७ पासून निमंत्रण येणं बंद झालं. १८ मे २०२० रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी महासंचालक टेड्रोस यांना ३० दिवसांची मुदत देणारं पत्र लिहिलं, निधी कायमचा थांबवण्याची धमकी दिली. तैवान बाहेरच राहिला.

का? कारण आत घ्यायला सभेचं बहुमत लागतं आणि महासंचालकाला धमकावून बहुमत तयार होत नाही. अडवायला मात्र बहुमत गोळा करावं लागत नाही. सगळ्यांना एवढंच वाटावं लागतं की आज निर्णय घेणं महाग पडेल, पुढच्या वर्षी बघू. 'पुढे ढकला' म्हणणं जगातल्या प्रत्येक सभेत सगळ्यांत सोपं असतं.

बहुमत मिळवायचं तर पैसा संघटनेच्या तिजोरीत घालून उपयोग नाही. तो मत देणाऱ्या देशांकडे जावा लागतो. चीनने हे नीट ओळखलं. दर वर्षी आरोग्य सभेत तैवानचा विषय मांडतात ते तैवानला राष्ट्र मानणारे मोजके देश. २०१६ मध्ये असे २२ देश होते, जानेवारी २०२४ मध्ये नौरूने बाजू बदलल्यावर १२ राहिले. कोस्टारिकाने २००७ मध्ये बाजू बदलली तेव्हा चीनने त्याचे ३० कोटी डॉलरचे रोखे विकत घेतले होते. पुढच्या वर्षी न्यायालयाच्या आदेशाने ते प्रकरण उघड झालं. तैवाननेही आयुष्यभर हाच खेळ खेळला आहे, मित्र देशांना मदत देऊन, हे लपवण्यात अर्थ नाही. यात रोगाचा, दवाखान्याचा, लसीचा संबंध कुठेच नाही, आणि तरीही याचा निकाल दवाखान्यात लागतो.

तो कसा लागतो ते २००३ मध्ये दिसलं. मार्चमध्ये सार्सची साथ तैवानला पोचली. संघटनेचे तज्ज्ञ तिथे पोचले मे महिन्यात. दोन कोटींहून जास्त लोकवस्तीचं, जगाशी विमानांनी जोडलेलं ते बेट इतके आठवडे मुख्यतः अमेरिकन तज्ज्ञांच्या मदतीवर लढलं. सदस्यत्वाचा वाद म्हणजे झेंड्याचा आणि पाटीचा वाद असं ज्यांना वाटतं त्यांनी ते आठवडे आठवावेत. साथीत एक आठवडा फार मोठा असतो.

१९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाला संयुक्त राष्ट्रांच्या प्रवेशाबद्दल एक प्रश्न विचारला गेला होता: एखाद्या देशाच्या प्रवेशाला मत देताना सनदेत नसलेली अट घालता येते का? न्यायालयाचं मत होतं, नाही. मत असं अटींपासून राखलं गेलं, पण तिजोरी राहून गेली. मतावर जी अट लावता येत नाही ती वर्गणीवर लावायची, हाच पुढचा सगळा इतिहास आहे.

बाहेर गेलेला परत आला तेव्हा

सगळ्यांना आत ठेवण्याचा आग्रह मला भाबडा वाटत नाही, आणि त्याचं कारण सोव्हिएत संघ.

फेब्रुवारी १९४९ मध्ये सोव्हिएत संघ, युक्रेन आणि बेलोरशिया यांनी संघटना सोडत असल्याचं कळवलं. मागोमाग पूर्व युरोपातले इतर देशही गेले. संघटनेच्या घटनेत बाहेर पडण्याचं कलमच नाही. त्यामुळे तिने त्यांची नावं खोडली नाहीत, 'निष्क्रिय सदस्य' म्हणून लिहून ठेवली आणि दार लोटलं, कडी लावली नाही. शीतयुद्धाच्या ऐन कडाक्यात हा शहाणपणा सुचला याचं मला नेहमी कौतुक वाटतं. स्टालिन गेल्यावर १९५० च्या दशकाच्या मध्यात हे देश परतू लागले. राहून गेलेल्या वर्षांची पुरी वर्गणी त्यांच्याकडून वसूल केली गेली नाही, नाममात्र रकमेवर भागवलं.

मग १९५८ मध्ये आरोग्य सभा अमेरिकेत, मिनियापोलिसला भरली. तिथे सोव्हिएत उपआरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव्ह उभे राहिले आणि त्यांनी देवीचा रोग जगातून नाहीसा करण्याचा प्रस्ताव मांडला. सोव्हिएत संघाने संघटनेला लसीचे अडीच कोटी डोस देऊ केले. ८ मे १९८० रोजी देवी जगातून गेल्याचं सभेने जाहीर केलं. थकबाकी पुरी वसूल झाल्याशिवाय आत घेणार नाही, असं १९५६ च्या सुमारास कुणी अडून बसलं असतं तर हा प्रस्ताव मांडायला तो माणूस त्या सभागृहात असता का?

आज दोरी कुणाच्या हातात आहे

अमेरिकेने १९४८ मध्ये सदस्य होतानाच एक हक्क राखून ठेवला होता: वर्षभराची सूचना देऊन बाहेर पडायचं, मात्र चालू वर्षाची वर्गणी पूर्ण भरून. जुलै २०२० मध्ये अशी सूचना दिली गेली, जानेवारी २०२१ मध्ये नव्या सरकारने ती मागे घेतली. २० जानेवारी २०२५ रोजी पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला, दोन दिवसांनी सूचना पोचली आणि २२ जानेवारी २०२६ रोजी वर्ष पुरं झालं. २०२४ आणि २०२५ ची वर्गणी भरलेली नव्हती.

२०२२-२३ या दोन वर्षांत अमेरिकेने संघटनेला सुमारे १.२८ अब्ज डॉलर दिले होते. तो झरा आटल्यावर २०२६-२७ चा आखलेला ५.३ अब्ज डॉलरचा अर्थसंकल्प ४.२ अब्जांवर आणावा लागला. मुख्यालयातले ७६ विभाग ३४ करायचं ठरलं. गोवर आणि रुबेला ओळखणाऱ्या जगभरच्या ७०० हून जास्त प्रयोगशाळांचं जाळं पूर्णपणे अमेरिकेच्या पैशावर चालत होतं. मुलाच्या अंगावर उठलेलं पुरळ गोवराचं आहे की नाही हे अशाच प्रयोगशाळेत ठरतं. वॉशिंग्टन आणि जिनिव्हाच्या भांडणाची वर्गणी शेवटी ते मूल भरतं.

बाकीच्या देशांनी मे २०२५ मध्ये नेमून दिलेली वर्गणी २० टक्क्यांनी वाढवायला मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंत मूळ अर्थसंकल्पाचा निम्मा भाग अशा वर्गणीतूनच यावा, असं २०२२ मध्येच ठरलं होतं. मला यातली दिशा पटते, कारण कामाला न बांधलेला आणि अनेक हातांनी भरलेला पैसा एका हाताने आवळता येत नाही. चीनने पाच वर्षांत ५० कोटी डॉलर देण्याचं जाहीर केलं आणि वर्गणीतला त्याचा वाटा सुमारे २० टक्क्यांवर गेला आहे. एका हातातली दोरी दुसऱ्या हातात गेली एवढंच झालं, तर तैवानसाठी ती वाईट बातमी आहे.

पॅलेस्टाईनसाठी हिशेब निराळा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संस्थेतून अमेरिका १९९६ मध्येच बाहेर पडली होती. २०१८ मध्ये पॅलेस्टाईन त्या संस्थेत सामील झाला तेव्हा वर्गणी बंद करण्याची धमकी द्यायला तिथे कुणीच नव्हतं. जागतिक आरोग्य सभेने २०२४ मध्ये पॅलेस्टाईनला मतदान सोडून सदस्यांसारखे बरेचसे हक्क दिले आहेत. पूर्ण सदस्यत्वाला साधं बहुमत लागतं. १९८९ मध्ये ज्या पैशाच्या भीतीने तो अर्ज पुढे ढकलला गेला, तो पैसा आता येतच नाही.